सुकतीच्या पाण्यात कयाक उलटली: देवबागच्या खाडीतलं एक प्रकरण

माझ्या मावसभावाची कयाक (एकट्याने वल्हवायची लहान होडी) मालवणजवळ देवबागला खाडीच्या तोंडाशी सुकतीत, म्हणजे ओहोटीच्या पाण्यात, उलटली त्याला आता दोन वर्षं होतील. तो वाचला, तळहातात गरी म्हणजे गळाचा आकडा घुसला होता तो दवाखान्यात काढावा लागला, एक रॉड आणि टॅकल बॉक्स (गळाच्या सामानाची पेटी) गेला, बाकी काही नाही. घरात सगळ्यांचं एकच, सुटलास बाबा, आता विकून टाक ती कयाक. मी मात्र त्याच आठवड्यात त्याला समोर बसवून त्या दिवसाचं सगळं तासातासाने लिहून घेतलं, कारण मला दिसत होतं की कयाक उलटायला पाच सेकंद लागले असतील पण ती उलटणार हे आदल्या रात्री जेवतानाच ठरलं होतं. ज्यांना नवीन नवीन कयाकवरून गरवायचं, म्हणजे गळाने मासे पकडायचं, वेड लागलंय त्यांच्यासाठी ते सगळं इथे मांडतोय.

आधी माणूस आणि सामान. मावसभाऊ पुण्याचा, वय ३४, स्विमिंग टँकमध्ये आरामात वीस फेऱ्या मारतो. कयाक सेकंडहँड घेतलेली, वरती बसायची म्हणजे सिट-ऑन-टॉप, दहा फुटी, वजन २५ किलोच्या आसपास. नवख्या माणसाला हाच प्रकार बरा, कारण बसायच्या जागेत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं आणि उलटली तरी आत अडकायला होत नाही. त्यावर तो पानशेतच्या पाण्यात चार वेळा फिरून आला होता, दोनदा मासेही मिळाले होते. आणि इथेच गोची झाली असं मला वाटतं. धरणाचं पाणी एका जागी उभं असतं. तिथे वल्हं खाली ठेवलं की कयाक जवळपास तिथेच राहते, वाऱ्याने थोडी सरकेल एवढंच. चार ट्रिपमध्ये त्याच्या अंगात बसलं की थांबलो म्हणजे थांबलो. खाडीत थांबलो म्हणजे निघालो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मीही नाही. आदल्या रात्री मालवणला मावशीकडे जेवायला बसलो तेव्हा तो मला विचारत होता चोणक कुठे लागतो, तांबोशीला कुठला लुअर (खोटं आमिष) लावायचा, कांदळवनाच्या मुळांजवळ किती जवळ जायचं, आणि मी सगळी उत्तरं देत होतो, अगदी हौसेने. पाणी कधी भरतं कधी सुकतं हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या प्रकरणातला माझा वाटा तो, आणि तो मला अजून सलतो.

देवबाग ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारकर्लीच्या पुढे दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी जाते, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि पट्टी संपते तिथे दोघांचा संगम. पलीकडे भोगवे, खाडीच्या पूर्व काठाला कोरजाई. आतमध्ये पाणी इतकं शांत दिसतं की लहान मुलालाही कयाकवर बसवावंसं वाटेल. पण ती सगळी खाडी रिकामी व्हायला एकच तोंड आहे, आणि तोंडाशी वाळूच्या भाटी म्हणजे उंचवटे आहेत ज्या दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. एवढं पाणी तेवढ्या फटीतून सहा तासांत बाहेर पडायचं म्हटल्यावर ते कसं पडत असेल विचार करा.

दिवस होता डिसेंबरातला रविवार, अमावस्येचा दुसरा दिवस. म्हणजे उधाण. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी आणि ओहोटी सगळ्यात खोल, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. आमच्याकडे समुद्राला मुंबईएवढी उंच भरती येत नाही, मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं आणि मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं, त्यामुळे बाहेरून आलेल्यांना वाटतं की इथे ओढ नसणार. ओढ नुसत्या मीटरवर ठरत नाही हो, तोंड किती अरुंद आहे त्यावर पण ठरते.

वेळ काढायचा जुना हिशोब कोकणात बऱ्याच जणांना माहीत असतो, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणायचं ४ ने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण म्हणजे पाऊण वाजता. हे ढोबळ आहे आणि मालवणकडे भरती त्याच्या जवळपास तासभर आधी येते, म्हणून निघायच्या दिवशी मोबाईलवर त्या जागेचं भरतीचं टेबल बघायचंच, पण तोंडी हिशोब येत असला की टेबल चुकीच्या गावाचं उघडलंय हे लगेच लक्षात येतं. तर त्या दिवशी, प्रतिपदेला, पूर्ण भरती पावणेबाराच्या आसपास होती.

आता तासातासाने.

सकाळी १० ला तो देवबागच्या खाडीकडच्या बाजूने एकटाच पाण्यात उतरला. मी कुडाळहून दुपारी येणार होतो, त्याला धीर नव्हता. लाइफ जॅकेट होतं, पण ते सीटच्या मागे इलॅस्टिकच्या दोरीखाली खोचलेलं, कारण अंगात घातलं की रॉड फेकताना काखेत टोचत होतं. मोबाईल ट्रॅकपँटच्या खिशात झिपच्या पिशवीत. ट्रॅकपँट कॉटनची. सुरी टॅकल बॉक्समध्ये. शिट्टी नाही. नांगर दीड किलोचा, घडीचा, चार फाळ्यांचा, आणि त्याची दोरी कयाक उचलायच्या बाजूच्या हँडलला घट्ट गाठ मारून बांधलेली. पुढच्या हॅचचं (कयाकच्या पोटात सामान ठेवायच्या कप्प्याचं) झाकण जुनं, त्याचा रबर एका बाजूला सुटलेला, पानशेतला त्याने कधी त्रास दिला नव्हता. कुठून निघालो कुठे जाणार किती वाजता परत, हे कोणालाच माहीत नव्हतं, मावशीला एवढंच की खाडीवर गेलाय.

१० ते १२ मस्त गेलं. भरतीचं पाणी त्याला आत कोरजाईच्या बाजूला कांदळवनांकडे घेऊन गेलं, दोन काळुंदरं लागली, एक शिंगाळा लागला तो त्याने सुदैवाने हाताने न धरता तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापून सोडून दिला. (शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळचे आणि पाठीवरचे काटे विषारी असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तास दीड तास हात बुडवून ठेवायचा, वेदना बऱ्याच उतरतात, आणि मग डॉक्टर. हे लिहायचंच होतं कारण कयाकवर मासा आपल्या मांडीवर येतो, होडीसारखा लांब पडत नाही.)

साडेबाराला पाणी फिरलं. त्याला कळलं पण त्याचा अर्थ त्याने असा घेतला की वा, आता वल्हं न मारताच परत जाता येईल. सुरुवातीला खरंच हळूहळू येत होता. सुकतीचा हिशोब असा असतो की सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही, पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या चौथ्याला तीन तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात जी गंमत वाटते ती तिसऱ्या तासात तिप्पट जोराची झालेली असते आणि माणूस मात्र पहिल्या तासाच्या अंदाजावर चाललेला असतो.

१:३० ला तो ज्या जागेवरून निघाला होता तिच्यासमोर आला. इथे काठाला लागला असता तर ही गोष्टच नव्हती. पण पुढे तोंडाकडे पाण्यावर पक्षी सूर मारत होते, खाली छोटी मासळी उडत होती, म्हणजे खालून मोठा मासा लागलाय, आणि गरवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा असं दृश्य दिसल्यावर परत फिरणं किती जड जातं. तो पुढे गेला. नंतर त्याच्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बघितलं तर वल्हं न मारता कयाक ताशी ४ किलोमीटरच्या वर चालली होती. नवखा माणूस जीव तोडून वल्हवला तरी ताशी पाचच्या आसपास जातो, तेही थोडाच वेळ. म्हणजे त्या क्षणी तो परतीच्या पलीकडे गेलेला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

त्यात वारा. डिसेंबरात सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, दुपारी तो पडतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. एक दीड वाजता तो चांगला भरला होता. पाणी बाहेर चाललंय, वारा बाहेरून आत येतोय, दोघांची टक्कर तोंडाशी. अशा ठिकाणी लाटा उंच नसल्या तरी उभ्या आणि जवळजवळ होतात, दोन लाटांत कयाकची लांबी पण मावत नाही. आतल्या बाजूने बघितलं तर फक्त पांढरं पांढरं दिसतं, किती वाईट आहे ते कळत नाही.

१:५५. त्याला पक्ष्यांजवळ थांबायचं होतं म्हणून त्याने नांगर टाकला. नांगर वाळूत रुतला, दोरी ताणली गेली, आणि दोरी बाजूच्या हँडलला बांधलेली असल्यामुळे कयाक प्रवाहाला आडवी झाली. प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड खाली दबली, पाणी त्या कडेवर चढलं, आणि गेली. तो म्हणतो मला तोल सावरायला पण वेळ मिळाला नाही, मी बसलो होतो आणि मग मी पाण्याखाली होतो.

नांगराबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण कयाकवरून गरवायला लागलेले लोक सीट, रॉडहोल्डर, फिशफाइंडर यावर तासनतास बोलतात आणि नांगराची दोरी हाताला येईल तिथे बांधतात. वाहत्या पाण्यात दोरी फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकावरून जायला हवी, बाजूने कधीच नाही. आपण बसतो मध्ये, टोकाला हात पोचत नाही, म्हणून कयाकच्या कडेने पुढून मागे फिरणारी एक दोरी आणि त्यावर कडी बसवतात, कडीत नांगराची दोरी अडकवून ती टोकापर्यंत सरकवायची. आणि ती दोरी एका झटक्यात सुटायला हवी, गाठ चालत नाही, कारण ताण आला की गाठ दगड होते. दोरीच्या शेवटाला एक छोटा बोया बांधलेला असला की नांगर सोडून देऊन नंतर घेता येतो. पण खरं सांगू का, पहिलं वर्षभर खाडीत नांगर घेऊच नका. थांबायचं असेल तर काठाला लागा.

पुढचं. लाइफ जॅकेट इलॅस्टिकखालून सुटून वाहून गेलं, त्याने ते जाताना बघितलं, पाच सहा हातांवर होतं. तो त्याच्यामागे गेला नाही. त्याने पालथ्या कयाकची दोरी पकडली आणि सोडली नाही, त्या दिवशीचा हा त्याचा सगळ्यात बरोबर निर्णय, कारण पाण्यात एकट्या माणसाचं डोकं शंभर मीटरवरून दिसत नाही आणि केशरी रंगाची दहा फुटी कयाक अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. उलटवून वर चढायचा त्याने तीनदा प्रयत्न केला. हॅचमधून पोटात पाणी शिरलेलं, कयाक जड झालेली, नांगर तिला खाली ओढतोय, गाठ सुटत नाही, सुरी टॅकल बॉक्सात आणि टॅकल बॉक्स समुद्रात. तिसऱ्या प्रयत्नात लुअरची तिहेरी गरी तळहातात घुसली. कॉटनची पँट भिजून पायांना गुंडाळली जात होती. मोबाईल झिपच्या पिशवीत पाणी जाऊन बंद. (रेकॉर्डिंग ऑनलाइन सेव्ह झालेलं म्हणून नंतर मिळालं.)

मी १ वाजता देवबागला पोचलो होतो, गाडी दिसली, तो दिसला नाही. फोन लागेना. दोनच्या सुमारास मी संगमाच्या वाळूवर गेलो तेव्हा केशरी ठिपका दिसला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. काठावर डॉल्फिन दाखवायला नेणारे एक होडीवाले काका होते, त्यांना मी हात करून दाखवलं, त्यांनी एक शब्द न विचारता इंजिन चालू केलं. मला होडीत घेतलं नाही, म्हणाले, "तू हयच रव, हात वर करून दाखव खय हा तो." आता विचार केला तर तेच बरोबर होतं, पाण्याच्या पातळीवरून लाटांमध्ये काही दिसत नाही, काठावरून बोट दाखवणारा माणूस लागतो. ते थेट त्याच्यावर गेले नाहीत, खालच्या अंगाने वळून प्रवाहाच्या तोंडावर होडी धरली, आधी सुरीने नांगराची दोरी कापली, मग त्याला काखेत धरून वर घेतला. पाण्यात तो जवळपास २५ मिनिटं होता. काठाला आल्यावर काका त्याला ओरडले नाहीत, पाणी प्यायला दिलं आणि एवढंच विचारलं, "सुकतीक मुखार कित्याक गेलंस?" (ओहोटीत पुढे कशाला गेलास?) आणि याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, कारण सुकती म्हणजे काय तेच त्याला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही काय केलं. कयाक विकली नाही. महिनाभर रॉडला हात लावायचा नाही असं ठरवलं, फक्त कयाक आणि पाणी. कंबरभर पाण्यात, वाळूचा तळ असलेल्या जागी, मुद्दाम उलटायचं आणि परत चढायचं. पद्धत अशी की कयाकच्या तळाखालून पलीकडची कड धरून सरळ करायची, मग बाजूला आडवं होऊन पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत लाथा मारायच्या आणि पोटावर सरपटत आडवं चढायचं, पोट सीटवर आलं की वळून बसायचं आणि पाय शेवटी. लोक हाताच्या जोरावर सरळ उभं चढायला बघतात, त्यात कयाक परत अंगावर येते. पहिल्या दिवशी सातपैकी दोनदा जमलं. चौथ्या दिवशी खोल पाण्यात, मी शेजारी, सलग पाच वेळा जमलं तेव्हाच पुढचं बोललो.

जॅकेट नवीन घेतलं. काठावर भाड्याने मिळतात ती जाड केशरी जॅकेटं वल्हवायला त्रास देतात म्हणूनच लोक काढून ठेवतात, हे खरं आहे, म्हणून पॅडलिंगसाठीचं खांदे मोकळे असणारं घ्यायचं. ५० न्यूटन लिहिलेलं पोहता येणाऱ्यासाठी, पोहता येत नसेल तर १०० चं, आणि खरं म्हणजे पोहता येत नसेल तर आधी ते शिका. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढायचं, हनुवटीच्या वर आलं तर पट्टे सैल आहेत किंवा साइज मोठी आहे. त्याच्या जॅकेटला आता समोर शिट्टी आणि बोथट टोकाची सुरी आहे, मोबाईल चांगल्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात जॅकेटच्या आत. जे जीव वाचवणार ते अंगावर, कयाकवर नाही. मोबाईलमध्ये १५५४ कोस्ट गार्ड, १०९३ सागरी पोलीस आणि ११२ सेव्ह. गरींचे उलटे काटे पक्कडने दाबून सपाट केले, मासे थोडे जास्त सुटतात, सुटू देत. हॅचचा रबर बदलला, पाण्यात नेऊन तासभर ठेवली आणि आत कोरडं आहे का बघितलं. पायात बूट, कारण खडकावरची कालवं तळपाय ब्लेडसारखा कापतात.

जागेची चौकशी म्हणजे फक्त मासा कुठे लागतो एवढी नाही, हेही लिहून ठेवतो. सावित्री आणि वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसायचं नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कयाकला इंजिन नाही म्हणून आपल्याला चालेल असा अर्थ काढू नका, त्या दिवसांत मदतीला यायला पाण्यावर होडीच नसते.

दुसरी ट्रिप जानेवारीत, त्रयोदशीला. हिशोबाने पावणेदहा, आपल्याकडे पावणेनऊच्या आसपास पूर्ण भरती. म्हणजे सातला उजाडताना निघायचं, भरतीबरोबर आत जायचं, पाणी उभं राहिलं की फिरायचं आणि सुकतीच्या पहिल्या तासात, ओढ लागायच्या आणि वारा सुटायच्या आधी, परत काठाला. उतरायच्या जागेच्या खाली, तोंडाच्या बाजूला, एक वल्हंही मारायचं नाही, पक्षी दिसो की काही दिसो. दोन कयाक, तो आणि मी. मावशीला आणि त्या होडीवाल्या काकांना व्हॉट्सॲपवर मेसेज: कुठून, कुठपर्यंत, कयाकचा रंग, पावणेदहापर्यंत मेसेज येईल, सव्वादहापर्यंत नाही आला तर फोन करा आणि लागला नाही तर काकांना बघायला पाठवा.

सकाळी थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. साडेआठपर्यंत काहीच लागलं नाही. पावणेनऊला पाणी उभं राहिलं, कांदळवनाच्या मुळांशी तरंगणारी पानं हलायची थांबली, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या रॉडला जोरात झटका बसला, चोणकच होता, वर उडी मारून गरी झटकून गेला. दुसऱ्या फेकीला परत झटका. मी घड्याळ बघितलं, ८:५५. मी काहीच बोललो नाही, मुद्दाम नाही बोललो. त्याने मुळांकडे बघितलं, पानांकडे बघितलं, पानं सरकायला लागली होती, आणि त्याने तंगूस गुंडाळून रॉड होल्डरला लावला आणि कयाक फिरवली.

काठाला लागलो तेव्हा ९:३५ झाले होते. मावशीला मेसेज त्यानेच टाकला.